घुंगुरकाठीचं गाऱ्हाणं

मी घुंगुरकाठी बोलतेय. बसून ऐका. उभ्यानं ऐकायला लावलं तर निम्म्यावरच कंबर धरून खाली बसाल. तुमची जात मला ठाऊक आहे.

टपालाची थैली खांद्यावर टाकून एका गावाहून दुसऱ्या गावी धावणाऱ्या माणसाला रनर म्हणत. त्याच्या हातात जी काठी असे, ती मी. खाली लोखंडी टोक, वर पितळेचे सात घुंगरू. टोक साप-किरडासाठी आणि घुंगरू लोकांनी वाट सोडावी म्हणून. लोक काही वाट सोडत नसत. माणूस वाटेच्या मधोमध उभा राहून गप्पा मारणारच, मागून टपाल येवो नाहीतर वाघ येवो.

जन्मानं मी भेरल्या माडाची. काळं, चिवट, वाकेल पण मोडणार नाही असं लाकूड. कुडाळच्या लोहारानं मला टोक बसवलं, सावंतवाडीच्या कासारानं घुंगरू. माझ्या शेजारी एक पांगारा वाढत होता. तो सावंतवाडीच्याच एका चिताऱ्याकडे गेला आणि त्याची लाकडी केळी, लाकडी सीताफळं झाली. आता कुणाच्या तरी काचेच्या कपाटात बसून आहे. आल्यागेल्यानं 'अगदी खऱ्यासारखं' म्हणायचं, की झालं त्याचं आयुष्य. मला त्याची कीव येत नाही. मऊ लाकडाचं तेच व्हायचं.

माझा धनी म्हणावा असा एकच झाला, गणपत. मालवणपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या पलीकडे आमचं गाव. तिथून मोटारीच्या फाट्यापर्यंत सहा मैल. मध्ये एक व्हाळ म्हणजे ओढा, एक घाटी आणि उघडाबोडका सडा. सकाळी आठला गावातून निघायचं, सव्वानऊच्या आत फाट्यावर थैली द्यायची, दुपारी आलेली थैली घेऊन परत यायचं. गणपतनं हे वीस वर्षं केलं. पायात वहाण नाही, अंगात सदरा असला तर असला. धावताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असे. मी कधी लक्ष दिलं नाही. मला वाटे, म्हातारं होत चाललंय.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात घाटीत त्याचा पाय घसरला आणि गुडघा गेला. त्या दिवसापासून टपाल कुणाच्या ना कुणाच्या बैलगाडीतून जाऊ लागलं. गाडीवाल्याला वाटलं तर आज, नाहीतर उद्या. वरून कळवलं गेलं की डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात ओव्हरसियरसाहेब स्वतः फाट्यावर घड्याळ घेऊन बसतील. गावानं तोवर माणूस तयार करावा. नाहीतर दुसरीकडचा नेमू.

आणि गावानं कोण काढावा? लिनो.

लिनो म्हणजे गणपतच्या शेजारच्या आपोलिनाचा मुलगा. वय तीस. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी. बाप वारला म्हणून ईस्टरला घरी आला होता. बोटीवर दहा वर्षं बटाटे सोलून आणि चाखून चाखून त्याचं पोट असं सुटलं होतं की सदऱ्याची खालची दोन बटणं नावालाच होती. असा माणूस माझ्या वाट्याला. हत्तीच्या पायात पैंजण घातले असते तर निदान लोकांनी पैसे देऊन पाहिलं असतं.

आपोलिना स्वतः गणपतच्या खळ्यात आली. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे, भिंतीला हात लावत चाले.

"गणपता, माझ्या झिलाक धावूक शिकय," ती म्हणाली. "ती नोकरी लागली तर तो हय रवतलो. नायतर डिसेंबरात तेची बोट सुटता."

गणपत हसला. "आपोलिने, धावूक काय शिकवचा? ता कुत्र्याच्या पिलाकव येता."

"हसा नको. माका दिसणा नाय, ता चलात. घरात कोणाचो आवाज नाय, ता माका चलाचा नाय."

गणपत हसायचा थांबला. तसा तो बरा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लिनोच्या हातात मला दिलं आणि म्हणाला, त्या फणसापर्यंत जावन ये.

फणस तो केवढा लांब, अर्धा मैल. पण लिनो असा सुटला की जशी काही बोट त्याला सोडून चालली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. शंभर पावलं झाली नाहीत तो तोंड लाल, दोनशेला जांभळं. तीनशेव्या पावलाला एका काजीखाली ओणवा होऊन त्यानं सकाळची पेज परत केली. वर माझाच आधार घेऊन उभा राहिला. वीस वर्षं मी टपाल वाहिलं, आता ओकाऱ्या काढणाऱ्याचा टेकू झाले.

गणपत लंगडत लंगडत आला.

"मेल्या, तुझ्या पाठीर कोण लागलेलो काय?"

"तुमीच धाव म्हणालास."

"धाव म्हटलय, पळ नाय म्हटलय. पळता तो चोर. धावता तो रनर."

मग दगडावर बसून त्यानं त्याला रीत सांगितली. "मोठ्यान देवाचा नाव घेत धावाचा. नाव तुटला काय समजाचा, पाय लय जोरात पडतत. एक नाव संपासर धावाचा, तितकोच येळ चलाचा, परत धावाचा. दर आठवड्याक धावण्यात एक नाव वाढवाचा. चलण्यात वाढवू नको. आणि एक दिवस आड. मधल्या दिवशी धावाचा नाय."

"मधल्या दिवशी काय करू?"

"आवशीक भात वाढ."

मला हे ऐकून शरम वाटली. टपालाची काठी हातात आणि माणूस चालणार? तेही दिवसाआड? गणपतच्या गुडघ्याबरोबर त्याची अक्कलही घाटीत पडली, असं मला वाटलं. पण काठीला कोण विचारतो.

आता गंमत बघा. देवाचं नाव घे, असं गणपत म्हणाला. कुठलं, ते त्यानं सांगितलं नाही. लिनोनंही विचारलं नाही. देव ज्याचा त्याचा, त्यात विचारायचं काय? लिनोनं आपला घरचा 'नमान मोरिये', मारियामाउलीची प्रार्थना, घेतला. घोटाळा झाला तो तिथंच.

तीन आठवडे हा माणूस दर खेपेला निळाजांभळा होऊन परत येई. गणपत पाराशी बसलेला.

"नाव तुटला?"

"नाय तुटाक."

"खरा सांग."

"देवा सायबाची शपथ, गणपतकाका. एकय नाव तुटाक नाय."

"मग असो मेलेल्या माशावरी कसो झालस?"

"माका काय ठावक."

दोघेही एकमेकांकडे बघत बसत. मला सगळं कळत होतं. माझे घुंगरू असे धडाधड आपटत होते की वेताळाच्या जत्रेत ढोल बडवावेत. पण मी का सांगू? माणसांना डोकं दिलंय ना देवानं, वापरा म्हटलं.

त्यातच त्यानं आणखी एक शहाणपण केलं. मधल्या दिवशी, कुणाला न सांगता, मला घेऊन सड्यावर गेला. दिवसाआड धावून जे दोन महिन्यांत व्हायचं ते रोज धावून एका महिन्यात का नको, हा हिशेब. पी हळद आणि हो गोरी. संध्याकाळी नडगी भोपळ्याएवढी सुजली. पाच दिवस घराच्या सोप्यावर पाय वर करून पडला, आणि आपोलिना अंदाजानं त्याच्या नडगीला तेल चोळत बसली. अर्धं तेल चादरीला लागत होतं.

पाचव्या दिवशी गणपत आला आणि पायरीवर बसला. दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाला, "आपोलिने, माका वाटता तेणी बोटीर जावचा. ह्या तेच्यान जमाचा नाय. नाव तुटणा नाय नि दम मात्र तुटता, असो माणूस मी बघूक नाय."

लिनो छपराकडे बघत पडला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांचा घोडा. मला तेही बघवलं नाही.

आपोलिनाचा चोळणारा हात थांबला. "पुता, कसला नाव घेतस तू?"

"नमान मोरिये."

"म्हण बघू."

लिनोनं म्हटलं. मी शपथेवर सांगते, समोरच्या कोंबडीनं एक दाणा टिपला तेवढ्यात आख्खी प्रार्थना संपली. सुरुवातीचा शब्द आणि शेवटचं 'आमेन' यांच्यामध्ये वाऱ्याला शिरायला फट नव्हती.

आपोलिना हसायला लागली. पोट धरून हसली. गणपत बघतच राहिला.

"गणपता, चूक माझी, झिलाची न्हय," ती म्हणाली. "आमच्या घरात सांजची तेर्साक बसलव काय सगळ्यांचा लक्ष भाताच्या टोपाकडे. पन्नास वेळा नमान मोरिये म्हणूचा, नि भात तर थंड जाता. मीच पोरांका घोड्यार बसवलय. ह्यो बारीक आसल्यापासून एका दमात तीन नमान मोरिये म्हणता. तेचा नाव तुटतला कसा?"

तेर्स म्हणजे त्यांची जपमाळ. म्हणजे बघा, तीन आठवडे देवाचं नाव पुढे धावत होतं आणि हा ठोंब्या त्याला गाठायला मागून ऊर फुटेस्तोवर पळत होता.

गणपतनं कपाळावर हात मारला. "शिरा पडली माझ्या तोंडार. माका वाटला, नाव म्हणजे गाऱ्हाणाच."

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, ते ठाऊक नसेल तर सांगते. एकजण देवापुढे उभा राहून खणखणीत आवाजात मागणं मागतो. एकेक बोल संपला की जमलेले सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. ते म्हणेपर्यंत मागणाऱ्याला थांबावंच लागतं. गाऱ्हाण्यात घाई चालत नाही. घाईनं मागितलेलं देवही घाईनं ऐकतो.

"मी वीस वर्सां गाऱ्हाणा घालीत धावलय," गणपत म्हणाला. "एक बोल बोलाचो, मगे 'व्हय म्हाराजा' येयसर गप रवान दम घेवचो. तू तसाच कर."

"पण माझ्यावांगडा व्हय म्हाराजा म्हणाक लोक खंय?"

गणपतनं कोपऱ्यात माझ्याकडे बोट केलं. "ही आसा मगे."

तेव्हा कुठे मला उमगलं. म्हाताऱ्याची ती पुटपुट म्हणजे गाऱ्हाणं होतं, आणि तो मध्येच गप्प होई ते माझ्या आवाजासाठी. वीस वर्षं मी 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, आणि समजत होते की लोकांना वाट सोडायला सांगतेय. दुसऱ्याच्या अकलेवर मी एवढी हसले, पण ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

लिनो तरी चुळबुळत होताच. "पाद्री काय म्हणतलो?"

"पाद्रीक सहा मैल धावूचा नाय," आपोलिना म्हणाली. "नि गाऱ्हाणा कोणाक घालूचा ता तू ठरव."

लिनोनं त्यांच्या देवाला, म्हणजे सायबाला, आपलंच गाऱ्हाणं जुळवलं. ते ऐकून देवळातल्या गुरवानं आणि चर्चमधल्या पाद्रीनं एकाच वेळी कानावर हात ठेवले असते. पण त्याला ते जमलं. पहिल्यांदाच तो एका बोलापुरता धावला, एका बोलापुरता चालला, आणि माणसाच्या रंगाचा परत आला.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. डोक्यावर माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून जात. हौसाबाई म्हणून एक होती, जिभेला हाड नसलेली. ती मुद्दाम वळून म्हणे, "लिनो, तुझ्याकडे लग्नाची पत्रिका दिली तर ती पोचासर बारसा जायत रे." बायका खो खो हसत. लिनोही हसे. मला मात्र जमिनीत रुतून बसावंसं वाटे. पण तो चालायच्या वेळी चालायचाच आणि धावायच्या वेळी धावायचाच, कोण बघतंय याची पर्वा न करता. दोन बोल झाले, चार झाले, फणस मागे पडला, व्हाळ मागे पडला. नोव्हेंबर संपता संपता सदऱ्याची खालची दोन बटणं लागू लागली. मी काही कौतुक केलं नाही. बटण लावणं म्हणजे पराक्रम नव्हे.

आपोलिना सोप्यावर बसून ऐके. तिला डोळ्यांनी दिसत नसे, पण मी वाटेवरच्या क्रुसापाशी, म्हणजे खुरसाकडे आहे की घाटीत, ते माझ्या आवाजावरून ती बरोबर सांगे, "आता खुरसाकडे पोचलो. आता घाटी चढता. आज वायच जोरात गेलो, परत येताना चलतलो." आणि तसंच होई. गावात माझा आवाज ऐकायला येत असलेलं ते एकच माणूस. बाकीचे नुसते दचकत.

परीक्षेचा दिवस उजाडला. पोस्ट म्हणजे शाळेच्या बाजूची एक खोली, आणि पोस्टमास्तर म्हणजे शाळेचेच हरिश्चंद्र मास्तर. एरवी मालवणीत शिव्या देणारा हा माणूस पोस्टाच्या खुर्चीत बसला की पुस्तकासारखा बोले. आठ वाजता थैलीला लाखेचं सील मारायचं, तर मास्तरांना शिक्का सापडेना. टेबलाखाली बघितलं, पेटीत बघितलं, दोन पोरांच्या पाठीत धपाटे घातले. शेवटी शिक्का निघाला त्यांच्याच कोटाच्या खिशात. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तरांनी चिठीवर लिहिलं, 'आठ'.

"मास्तरानू, आठ वाजान धा मिन्टां झाली," लिनो म्हणाला.

"कागदावर आठ म्हणजे आठ. आज साहेब आले आहेत, माझी अब्रू जाईल. तू जरा पाय उचल म्हणजे झालं."

आपली अब्रू दुसऱ्याच्या पायावर धावायला सोडायची, ही शिकलेल्या माणसांची जुनी खोड. लिनोनं थैली उचलली, मला उचललं, आणि निघाला तो पहिल्या दिवसासारखाच. दहा मिनिटं भरून काढायची होती ना.

खरं सांगू? मला आनंद झाला. किती दिवसांनी घुंगरू असे वाजत होते. खुरसापर्यंत आम्ही वाऱ्यासारखे गेलो. मी मनात म्हणत होते, असाच पळ मेल्या, घाटी येऊ दे, सडा येऊ दे. त्यानं गाऱ्हाण्याचा पहिला बोल कसाबसा टाकला. दुसरा निम्म्यावर तुटला. आणि हा माणूस उभा राहिला.

नुसता उभा राहिला नाही, चालायला लागला. साहेब घड्याळ घेऊन बसलेला, दहा मिनिटं आधीच बुडालेली, आई सोप्यावर कान देऊन बसलेली, आणि हा लग्नाच्या वऱ्हाडासारखा रमतगमत चाललाय. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी दिल्या. त्यानं मला घट्ट आवळलं होतं, ते मला कळत होतं. पळायला पाय शिवशिवत होते, तेही कळत होतं. तरी तो एका बोलाएवढा चालला. मग पहिल्यापासून सुरू केलं.

"बा सायबा म्हाराजा, आज ह्यो तुझो लिनो टपाल घेवन चललो हा."

मी वाजले.

"तेच्या पायाक बळ दी, पण वायच वायच दी. एकदम सगळा देऊ नको, तो खर्च करून टाकतलो."

मी वाजले.

"घरात आवस एकटी आसा. तिका घरात आवाज व्हयो आसा. ह्येका बोटीर धाडू नको रे म्हाराजा."

मला काय, पाऊल पडलं की वाजायचं. पण त्या वेळी मी जरा नीट वाजले, एवढं कबूल करते.

फाट्यावर ओव्हरसियरसाहेब पिंपळाखाली खुर्ची टाकून बसले होते. गोल माणूस, गोल टोपी, बाजूला सायकल. त्यांनी चिठी बघितली, घड्याळ बघितलं.

"नऊ वीस. पाच मिनिटं उशीर."

"व्हय सायबानू, वायच उशीर झालो," लिनो म्हणाला. मास्तरांच्या शिक्क्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. याला चांगुलपणा म्हणायचं की बावळटपणा, ते तुम्ही ठरवा.

साहेबांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. कपाळावर घाम होता, पण श्वास लागलेला नव्हता.

"सहा मैल धावून आलास ना? मग दम कुठाय तुझा?"

"आसा, सायबानू. जपान हाडलंय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मला शिकवतोस? धावलेला माणूस असा उभा राहतो? तुमच्या गावची रीत मला माहीत आहे. टपाल बैलगाडीत टाकता. तू गाडीतून आलास, आणि वर उशिरा आलास."

इथं मला हसू यायला हवं होतं. नऊ आठवडे जपून जपून आणलेला दम, आणि तोच याच्या गळ्याशी आला. पण हसू आलं नाही. राग आला. लिनोला हवं ते बोलायचा हक्क माझा. ओकाऱ्या मी बघितल्या होत्या, या टोपीवाल्यानं नव्हे.

लिनोनं कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाला, "सायबानू, कालची परतीची थैली हय पडलेली आसा, ती आताच माका देवा, नि सायकल घेवन माझ्या पाठसून येवा."

"पंचाहत्तर मिनिटं," साहेब म्हणाले. "एक मिनिट जास्त झालं तर ही काठी मी घेऊन जाणार."

आम्ही निघालो. सपाटीवर साहेब सायकलवरून पुढे जाऊन थांबत आणि घड्याळ हलवून दाखवत. लिनो आपल्या चालीनं येई, बोल टाकी, गप्प राही, मी वाजे. चालायची जागा आली की साहेबांच्या देखत चाले. साहेब खदखदून हसले. मग सडा तापला. वाळूसारख्या बारीक खड्यांत सायकलचं चाक फिरेना. साहेब उतरले आणि सायकल ढकलू लागले. आधी टोपी काढली, मग कोट काढला. व्हाळाच्या चढावर माणूस सायकल ढकलतोय की सायकल माणसाला धरून ठेवतेय, ते कळेनासं झालं.

शेवटच्या मैलात मला मागून एक चमत्कारिक आवाज ऐकू आला. लिनोनं बोल टाकला, "तेका बोटीर धाडू नको रे म्हाराजा," मी वाजले, आणि माझ्याबरोबर कुणीतरी घोगऱ्या, तुटक्या आवाजात म्हणालं, "व्हय... म्हाराजा." साहेब होते. त्यांच्या तोंडून ते कसं निघालं, ते त्यांनाही कळलं नसावं. माणूस पुरता दमला की खोटं बोलायला दम उरत नाही.

आपोलिनाचं घर शाळेच्या अलीकडे. अकराही वाजले नव्हते, टपाल परत यायची ही वेळ नव्हे. ती सोप्यावरून उठून भिंत धरून उभी राहिली होती.

"पुता, तू काय? पाठसून कोण धापता?"

"ओव्हरसियरसायब, माय."

"मगे तेका पाणी दी."

"पोचल्यार देतंय," लिनो म्हणाला, आणि थांबला नाही. ती भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती.

शाळेच्या दारात मास्तर हात चोळत उभे होते. घड्याळात बहात्तर मिनिटं झाली होती. मास्तरांनी विचारलं, "साहेब, कसा वाटला उमेदवार?" साहेबांनी हात वर केला. बोलता येत नव्हतं. बाकावर आडवे झाले, दोन तांबे पाणी प्याले, आणि कागदावर सही केली. लिनोची बोट त्याच आठवड्यात सुटली. त्याच्या जागी दुसरा कुणीतरी बटाटे सोलायला गेला.

पुढे तो माझ्यासह आठ वर्षं धावला. गणपतएवढा सुरेख नाही, पण धावला. मग पासष्ट साली एस. टी. गावात आली. ती घाटीत चढताना उभी राहून पाणी मागते आणि धूर ओकते, पण तिला कुणी हसत नाही. माझ्या नावापुढे वहीत 'जीर्ण' लिहिलं गेलं. लिनो गावातल्या गावात पत्रं वाटू लागला, मला घरी आणून सोप्याच्या भिंतीला टांगलं.

दोन वर्षांनी आपोलिनाला छातीच्या दुखण्यानं धरलं. एका दुपारी तिचा श्वास असा चढला की एकावर एक नुसते हुंदके. ती हातानं चादर चिवडत होती. घाबरली होती. डॉक्टर मालवणहून यायचा होता, तो घाटीतल्या एस. टी.तच बसला असणार.

लिनो तिच्याजवळ बसला. "माय, पळू नको," तो म्हणाला. "पळाचा न्हय. धावाचा."

मग त्यानं मला भिंतीवरून काढलं. हळूच बोल टाकला, "बा सायबा म्हाराजा, आज ही तुझी आपोलिना..." आणि गप्प राहून मला जमिनीवर टेकवलं. मी वाजले. पुन्हा बोल, पुन्हा मी. किती वेळ चाललं ते मला सांगता यायचं नाही. हळूहळू तिचा श्वास माझ्या आवाजापाशी थांबू लागला, एक घेतला, एक सोडला. तिच्या ओठांवर 'व्हय म्हाराजा' दिसलं. चादरीवरचा हात सैल पडला. डॉक्टर आला तेव्हा ती झोपली होती. ती गेली चार दिवसांनी, सकाळी, लिनोचा हात हातात घेऊन, काही घाई न करता.

एवढं मी पाहिलं. म्हणून तुमच्याबद्दलचं माझं मत बदललं, असं समजू नका. तुम्ही आहात तसेच आहात. पहिल्या दिवशी छाती फुटेपर्यंत पळता, दुसऱ्या दिवशी खाटेवर पडता आणि तिसऱ्या दिवशी म्हणता, हे आपल्यातलं नव्हे. मधला दिवस तुम्हाला पाळता येत नाही. चालायच्या जागी चालायची लाज वाटते.

परवा मुंबईहून लिनोचा कुणी भाचा आला होता. मला हातात घेऊन म्हणाला, ही पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवली तर काय शोभेल. काचेचं कपाट आहे म्हणे त्याच्याकडे. पांगाऱ्याची लाकडी केळी मला हसत असतील. लिनोनं मला परत भिंतीला टांगलं. आता त्याचेही केस पिकलेत, विचार करून सांगतो म्हणाला.

म्हणून तुमच्यापाशी आलेय. जन्मभर मी दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्याला होकार भरला. माझं गाऱ्हाणं हे एकच, तेवढं ऐका. बा वाचका म्हाराजा, ह्या घुंगुरकाठीक कपाटात घालू नको. तिका कोणाच्या तरी हातात दी. धावणारो मिळाक नाय तर चलणारो चलात, पण रोज वायच वायच चलणारो दी रे म्हाराजा.

मी थांबलेय. आता तुमची पाळी. म्हणा की. एवढ्यासाठीही दम पुरत नाही?